ढिगातली साडी

बिसेनबाबूंच्या हातातला शिक्का तसाच वर राहिला. बोनाफाईडचे सात-आठ कागद त्यांच्यापुढे ठेवून अल्का वळली, आणि वळताना तिचा पदर टेबलाच्या उचकटलेल्या पत्र्यात अडकला. तो सोडवायला ती वाकली तेव्हा तिला दिसलं, की बाबू तिच्याकडे पाहत नाहीत, पदराकडे पाहताहेत. पुरुषाच्या नजरेतलं बरंवाईट तिला एव्हाना कळत होतं. ही नजर त्यातली कुठलीच नव्हती. चोरीला गेलेली आपली सायकल दुसऱ्याच्या दारात उभी दिसावी, तसे ते पाहत होते. मग ते नुसतंच ‘हं’ म्हणाले आणि शिक्का मारला, तो उलटा. यादोराव बिसेनांनी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत उलटा शिक्का मारलेला कॉलेजात कुणी पाहिला नव्हता. अल्का काउंटरवर जाऊन बसली. समोर एक बाप पोराची टीसी मागत होता आणि तिला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. कळलं यांना, तिच्या मनात आलं. साडी ढिगातली आहे हे कळलं. आता दुपारी चहाच्या वेळी ते कुणाला तरी सांगतील, संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला कळेल, आणि तिच्या नोकरीची ऑर्डर नेमकी याच महिन्यात यांच्याच टेबलावर पडली होती.

ऑर्डर अकरा महिन्यांची होती. वाढवायची की नाही ते संस्था ठरवणार, पण संस्था ठरवणार ते बड्या बाबूंचा, म्हणजे बिसेनांचा, शेरा वाचून. ऑर्डर वाढली तर लेकीचं, गुंजनचं, नर्सिंग, नाही वाढली तर पोरगी घरी. गोष्ट इतकी सरळ होती की अल्काला ती रात्रंदिवस घोकावीसुद्धा लागत नव्हती, चपलेतल्या खड्यासारखी ती प्रत्येक पावलाला आपोआप कळायची. आणि हे सगळं एकीकडे चाललेलं असताना मार्चात प्राचार्या मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून पाणी विचारलं होतं, पंखा वाढवला होता आणि मग फार गोड आवाजात म्हटलं होतं, की पालक आधी काउंटरवर येतात, कॉलेज कसं आहे ते काउंटरवरच्या माणसाकडे बघून ठरवतात. अल्काला समजलं होतं. तिच्याकडे नोकरीच्या म्हणून तीन साड्या होत्या. मुली काउंटरच्या रांगेतून तिला ‘सोमवारची पिवळी’ म्हणत, तेही तिला ठाऊक होतं. पिवळी धुऊन धुऊन इतकी उडाली होती की आता ती पिवळी होती हे फक्त मुलींच्याच लक्षात असावं. वीस वर्षं घरात काढलेल्या बाईला कपडे म्हणजे अंग झाकणं. अंगावर काय आहे ते दुसऱ्याला वाचता येतं, हे चाळिशीनंतर शिकायचं म्हणजे दमायलाच होतं.

म्हणून ती रविवारी बाजारात गेली, फळांच्या गाड्या संपतात तिथे, ताडपत्रीखाली, जुन्या कपड्यांच्या ढिगाशी. गुंजन बरोबर होती, पण दहा पावलं दूर मोबाईल काढून उभी राहिली. मैत्रिणींपैकी कुणी दिसलं तर आपण या बाईबरोबर नाही असं म्हणता यावं, इतकंच अंतर तिने ठेवलं होतं. अल्काला राग आला नाही. तिच्या वयाची असती तर अल्कानेही तेच केलं असतं. ढिगामागे अनुसयाबाई मांडी घालून बसली होती, तोंडात सुपारी, आणि “कोई भी उठाव, कोई भी उठाव” हे ती अशा सुरात म्हणत होती की कुणी काही उचलावं अशी तिला स्वतःलाच फारशी आशा नसावी. पहिली पाच मिनिटं अल्का नुसती कडेकडेने चाचपत राहिली. मग अनुसयाबाईनेच तिला शिकवलं. साडी अंगठ्यात धरून ताण, कर्रकन आवाज आला तर विरलेली आहे. निऱ्यांचा भाग उजेडात धर. फॉलची आतली बाजू बघ, तिथे बाई कशी राहत होती ते कळतं. कुर्ता असेल तर काखेत बघ, लाजू नको. अल्का ढिगात कोपरापर्यंत हात घालून शोधू लागली. इतक्या बायकांच्या इतक्या दिवसांत हात घातल्यासारखं तिला वाटत होतं. कुठे हळद, कुठे पावडरचा वास, एका ब्लाऊजच्या गळ्याला अजून पिन. तिने चार साड्या काढल्या, दोन कुर्ते काढले, आणि सगळ्यांवर एक काळं ब्लाऊज चालेल असं मनाशी ठरवलं. त्या चारांतली एक मेंदी रंगाची होती. बारीक काठाची, सुतात थोडं रेशीम मिसळलेली, हातात घेतली की गार लागणारी. पदराजवळ हरभऱ्याएवढा जळल्याचा डाग होता आणि तो कुणीतरी इतक्या निगुतीने रफू केला होता, की ते रफू पाहूनच अल्काने ती घेतली. ज्या घरात असं रफू होतं ते घर चांगलंच असणार, असं काहीतरी तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

निघताना मात्र तिच्या तोंडून आपसूक गेलं, पांढरी सुती आहे का, निळ्या किनारीची. अनुसयाबाईने सुपारी गालात सरकवली.

“पांढरी नाई ठेवत बाई. घेते कोन? पांढऱ्या सुतीले फाडून गॅरेजवाल्याले देऊन देतो, किलोवर. हात पुसाले बेस राह्यते.”

अल्काने मान हलवली आणि पिशवी उचलली. परतीच्या वाटेवर ऑटोत बसल्यावर कुठे ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

तिची आई सालेकसाकडची. तेंदूच्या हंगामात पहाटे पहाटे रानात जाणारी, बाकी वर्ष दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणी-कापणी करणारी. शेवटचं वर्ष ती फुलचूरला लेकीकडे होती. तिच्याकडे एकच पांढरी साडी होती, निळ्या किनारीची, आणि ती वर्षातून मोजून तीनदा ट्रंकेतून निघे. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि दसऱ्याचा धम्मचक्राचा दिवस. त्या तीन दिवशी आई सरळ चालायची. एरवी कमरेतून वाकलेली बाई ती साडी नेसली की विहाराच्या पायऱ्या हात न टेकता चढायची, आणि घरी येताच पहिल्यांदा ती साडी फेडून, झटकून, घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. जेवण मग. आई गेली आणि महिन्याभराने दुपारच्या वेळी दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आली. अल्का तेव्हा रडून रडून कोरडी झाली होती आणि आईच्या कपड्यांचं गाठोडं कोपऱ्यात बसून तिच्याकडे बघत होतं. ते डोळ्यांपुढून जावं, एवढंच तिला हवं होतं. तिने ते उघडलंसुद्धा नाही. भांडेवालीने ते हातात तोललं, तोंड वाकडं केलं आणि दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा पुढे ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती साडी त्याच गाठोड्यात होती हे अल्काला पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कळलं, ट्रंक उपसून झाल्यावर. भावजयीने फोन करून विचारलं, मायची पांढरी तुमच्याकडं आहे ना, यंदा मी नेसते. अल्का म्हणाली, आहे ना, शोधून ठेवते. तीन वर्षं ती साडी शोधून ठेवत होती. रोज दुपारी कॉलेजात ती तोच डबा उघडून जेवत होती, कारण घरात दुसरा झाकण घट्ट बसणारा डबा नव्हता.

उलट्या शिक्क्याच्या दिवसानंतर दोन दिवस काहीच झालं नाही. चहाच्या वेळी कुणी हसलं नाही, कुणी तिच्या काठाला हात लावून ‘कुठून घेतली’ म्हणून विचारलं नाही. उलट तिच्या मरगळलेल्या अंगावर नवा कपडा आला हे प्राचार्या मॅडमनी पाहिलं आणि पसंतीची मान डोलावली. गुरुवारी बाबू रजिस्टरं शिवायला बसले. हे त्यांचं दर वर्षीचं काम. जुनी, पानं सुटलेली जनरल रजिस्टरं बायंडरकडे द्यायला ते तयार नसत, बायंडर पानं कापतो म्हणत. दाभण, पांढरा दोरा, मेणाचा तुकडा घेऊन ते खिडकीशी बसायचे आणि माणसाच्या जखमेला टाके घालावेत तसे सावकाश शिवायचे. अल्का एक रजिस्टर न्यायला गेली, आणि उघडल्या पानाच्या शिवणीवर तिचा अंगठा पडला. तीन टाके सरळ, चौथा मागे वळून आडवा. पुन्हा तीन सरळ, चौथा आडवा. तिचा अंगठा ते ओळखत होता. सकाळी पदर पिन करताना रोज तो त्याच टाक्यांवरून फिरत होता, फक्त ते टाके बारीक होते, मेंदी रंगाच्या दोऱ्याचे होते. ती जागीच उभी राहिली. बाबूंनी वर पाहिलं, चष्म्याच्या वरून, आणि पुन्हा खाली पाहिलं. त्यांच्या बायकोचं नाव रुख्मा होतं. दिवाळीनंतर ती गेली तेव्हा सगळा स्टाफ तेरवीला गेला होता, अल्का दाराशी बसली होती. हार घातलेल्या फोटोत तोंड आणि गळा एवढंच होतं, मागे स्टुडिओवाल्याने भरलेलं निळं आभाळ. साडी दिसत नव्हती. सून तेव्हा आतबाहेर करत होती, कपाटं रिकामी करायची घाई असलेल्या माणसासारखी. अर्थात तेव्हा अल्काला तसं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं.

त्या दिवशी घरी जाताना तिला आपली चाल आपली वाटेना. नालीच्या कडेने तिने निऱ्या उचलून धरल्या आणि वाटलं, हे असं उचलणं माझं आहे की साडीला सवय आहे. ही साडी तिने तीनदा धुतली होती, एकदा गरम पाण्यात, एकदा मीठ टाकून, एकदा उगीचच. वास गेला होता. पण कापडाला कुठे कुठे वाकायचं ते ठाऊक असतं, आणि ते पाण्याने जात नाही. बसताना निऱ्या डावीकडे पडायच्या. अल्का उजवीकडे सारायची, त्या पुन्हा डावीकडे पडायच्या. रुख्माबाई डाव्या अंगावर बसत असतील. गुंजन दारात उभी होती.

“अशी काऊन चालून राहिली, म्हातारीवानी?” तिने विचारलं. साडी फेडून अल्काने घडी घातली, गादीखाली सारली आणि नुसती बसून राहिली. अंगात काम केल्याचा थकवा नव्हता. हा थकवा ओझं कुणाचं आहे ते न कळता ते उचलून चालल्याचा होता.

मग तिने ती साडी नेसणंच सोडलं. बाकीच्या तीन होत्या, दोन कुर्ते होते, दिवस भागत होते. एक आठवडा गेला. दुसरा गेला. ऑर्डरची फाईल बाबूंच्या डाव्या हाताला होती तिथेच होती, तिच्यावर आता दुसऱ्या दोन फायली आल्या होत्या. बाबू चिडचिडे झाले होते, की तिलाच तसं वाटत होतं, काही कळायला मार्ग नव्हता. उन्हाळा चढला होता, कूलरमध्ये पाणी नव्हतं, चिडायला माणसाला कारणं पुष्कळ होती. एका सोमवारी ते स्वतः उठून काउंटरवर आले. हे कधी होत नसे. शिष्यवृत्तीच्या याद्यांविषयी काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं न ऐकलं, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ते मेंदीवाली... धुवाले टाकली का?”

अल्काने हो म्हटलं. ते गेले. विचारणाऱ्या माणसात काही वाईट नव्हतं, ते तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी तिला वाटलं आपल्या अंगावरून कुणीतरी चालत गेलं. नेसावी तर एका मेलेल्या बाईला रोज हाफिसात आणून बसवायचं. न नेसावी तर ती फाईल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं तिने स्वतःला रात्री आणि सकाळी, दोनदा बजावलं, आणि मंगळवारी मेंदीची नेसली.

बाबू दिवसभर एकदाही तिच्याशी बोलले नाहीत. पण कूलरमध्ये पाणी भरलं गेलं आणि कूलरचं तोंड काउंटरकडे वळलं. दुपारी त्यांनी डबा नेहमीसारखा कागदपत्रांच्या कपाटाआड न खाता आपल्या टेबलावर उघडला, जिथून काउंटर दिसतो तिथे, आणि फार दिवसांनी पूर्ण जेवले. चार वाजता फाईल वर आली. अल्का सहीचं रजिस्टर घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेली तेव्हा ती उघडीच पडली होती. बाबूंच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, काम समाधानकारक, मुदतवाढ देण्यास हरकत नाही. अल्काने ते दोनदा वाचलं. गुंजनचं नर्सिंग झालं. ज्यासाठी दहा महिने पाठ मोडली ते झालं, आणि आनंदाच्या जागी तिच्या मनात भलतंच काही आलं. चारशे शिष्यवृत्तीचे अर्ज तिने भरले होते, सर्व्हर बंद पडायचा म्हणून पहाटे पाचला उठून भरले होते. ते समाधानकारक होतं, की ही साडी समाधानकारक होती? विचारणार कुणाला. बाबूंना विचारलं असतं तर त्यांनाही कदाचित सांगता आलं नसतं.

शुक्रवारी, सगळे गेल्यावर, ती त्यांच्या टेबलाशी उभी राहिली. हातात पिशवी होती. आदल्या रात्री तिने साडी धुऊन, इस्त्रीवाल्याकडून इस्त्री करवून, वर्तमानपत्रात गुंडाळली होती. गुंडाळताना हात थांबले होते, कारण अशी घडी तिने दुसऱ्या कुणाच्या हातांत पाहिली होती. कुणी तिच्या दारात येऊन आईची पांढरी अशी पुढे केली असती तर तिने त्या माणसाचे पाय धरले असते. एवढ्याच एका गोष्टीवर ती इथवर आली होती. ऑर्डरची भीती आता नव्हती, असंही नाही. संस्थेची सही व्हायची बाकी होती. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, की बाजारातून घेतली होती, कुणाची ते ठाऊक नव्हतं, रजिस्टराच्या टाक्यांवरून कळलं. बाबूंनी वर्तमानपत्र थोडं उघडलं, पदराचं टोक बाहेर काढलं, आणि रफूवर बोट ठेवलं. पूजेची उदबत्ती पडली होती, त्यांनी सांगितलं. रुख्मा म्हणाली फेकून देते, तेव्हा ते म्हणाले होते, दे इकडे, एवढी रजिस्टरं शिवतो, तुझी साडी नाही शिवता येणार? ती पूर्ण वेळ समोर बसून हसत होती. एवढं सांगून त्यांनी टोक पुन्हा आत घातलं, कागद नीट केला आणि पिशवी तिच्याकडे सरकवली.

“राहू द्या बाबूजी,” ती म्हणाली. “तुमच्या घरची हाये.”

“घरी कोठं ठेवू?” बाबू म्हणाले. “सुनेनं एकदा भांडेवालीले देल्ली, पुन्हा देऊन देईल. पातेला आनला होता तिनं. त्याच पातेल्यात चहा बनते रोज, मी पेतो.” त्यांनी पिशवी आणखी पुढे सारली. “तुमीच नेसा. रोज नका नेसू. कधीमधी. इथं दिसते तरी.”

अल्काला काहीतरी बोलायचं होतं. आपल्या डब्याविषयी सांगायचं होतं, तो तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता, रिकामा, आत चमचा वाजत होता. बाबू खिडक्या लावायला उठले, एकेक कडी नीट बसली की नाही ते पाहत, आणि ती पिशवी उचलून बाहेर पडली.

शनिवारी दिवस मावळायच्या आत तिचा नवरा रत्नपाल कोहमाऱ्याहून आला. हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात तो आठवडाभर राही आणि शनिवारी ग्रीसच्या वासासकट घरी येई. शर्ट, पँट, बनियन त्याने मोरीत टाकलं आणि पँटच्या मागच्या खिशातून हात पुसायचं फडकं काढून वर टाकलं. अल्का कपडे भिजवायला बसली होती. फडकं काळं होतं, पण एका कोपऱ्यात, दुमडीपाशी, मूळचा रंग उरला होता आणि तो पांढरा होता. ती ते हातात धरून बसली. मग तिने ते पसरलं. वीतभर कापड, चारही बाजू फाडलेल्या. किनार नव्हती. किनार असायलाच पाहिजे असं नव्हतं, साडी सहावार असते, किनार फक्त कडेला. हे कुणाच्याही पांढऱ्याचं असू शकत होतं. जिल्ह्यात पांढऱ्या साड्या काय थोड्या होत्या. तिने त्यावर साबण घासला. गरम पाणी ओतलं. मीठ टाकलं. काळं पाणी गेलं, पुन्हा काळंच आलं, आणि ती घासत राहिली, इतकी की बोटांची टोकं चुरचुरायला लागली आणि रत्नपाल मोरीच्या दारात येऊन उभा राहिला.

“पोछा काऊन धुऊन राहिली?” त्याने विचारलं. “तो फेकाचा हाये.”

तिने मान वर केली नाही. “मायची पांढरी कोठं गेली म्हणून विचारते ना वयनी,” ती म्हणाली. “मीच देल्ली. डब्यावर. गाठोडं सोडून पाह्यलंबी नाई.”

रत्नपालला आईची ती साडी आठवत असावी, कारण विहाराच्या पायऱ्यांशी सासूला हात द्यायला तो पुढे व्हायचा आणि ती तो हात दरवेळी बाजूला सारायची. तो तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. आतून गुंजनने विचारलं, चहा टाकू का, आणि वाट न पाहता टाकला. अल्का रडत होती. तीन वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं आणि त्यात काही सुटल्यासारखं वगैरे नव्हतं, नुसतं पाणी येत होतं. फडकं तिने पिळलं, झटकलं आणि तारेवर टाकलं. ते राखाडी झालं होतं, त्याहून पांढरं होणार नव्हतं. चहा झाल्यावर तिने भावजयीला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. भावजय म्हणाली, की पौर्णिमेला येऊन जा, साडी नसली तरी ये, आणि फोन ठेवला. त्या आवाजात राग होता की काय होतं ते अल्काला ठरवता आलं नाही, आणि ठरवायचा जोरही उरला नव्हता.

सोमवारी पहाटे रत्नपाल निघाला तेव्हा ते फडकं वाळून कडक झालं होतं. त्याने त्याला हात लावला, आणि मग तारेवरच राहू दिलं. गॅरेजात फडकी पुष्कळ मिळतात, तो एवढंच म्हणाला. तो गेल्यावर अल्काने डबा भरला. मेंदीची साडी वर्तमानपत्रातून काढली आणि नेसायला घेतली. निऱ्या डावीकडे पडल्या. या वेळी तिने त्या उजवीकडे सारल्या नाहीत.